भरतीरेषा

फॉर्मवर दोनच चौकोन होते : जमीन. पाणी.
खाली बारीक टाइपात, योग्य तिथे खूण करावी.
भांडुपच्या मिठागरात, पंपहाउसच्या मागे
मी सतरा खुंट्या ठोकल्या
आणि योग्य तिथे म्हणजे कुठे, ते पाण्याने सांगावं
म्हणून चिखलात उभा राहिलो.

सात बेचाळीस : अकरावी आणि बारावी, यांच्या मध्ये.
सात एकावन्न : अकरा आणि साडेअकराच्या मध्ये.
आठ वाजता : सव्वाअकरा ते साडेअकरा.
त्याहून बारीक मला येईना.
एक ओली कड वाळायच्या आत
दुसरी तिच्यावर चढत होती.

तेंडोलकर बाई रविवारी मुलुंडच्या शाळेत वर्ग उघडून घेत.
आम्ही चौघं. बाकं सहावीच्या मुलांची, गुडघे अडकायचे.
बाईंनी फळ्यावर कधी ठिपका काढला नाही.
खडूएवढा जाड, तो कसला बिंदू?
त्या गोल काढत, गोलात गोल, त्यात आणखी एक,
मग हात झटकत : हे आत आत जाणं, एवढाच बिंदू.
पोचलो असं कोणी म्हणू नये.

एकदा वझेने लिहिलं :
नाही मानलं तर विसंगती येते, म्हणून आहे.
बाईंनी खडू ठेवला.
चोर घरात नाही असं नाही, हे समजलं रे.
पकडलास का?

आणि मी, मला वाटलं मी फार हुशार,
म्हणजे बाई, आहे आणि नाही सोडून तिसरं काही असतं?
तिसरं असतं असं मी कुठे म्हटलं?
तिसरं नाहीच.
पण दोनांतलं कोणतं, ते हातात आल्याशिवाय
'किंवा' म्हणू नकोस.
महाग शब्द आहे तो.

पोशा केणी ढीग झाकत होते.
मी विचारलं, किती ताडपत्र्या लागतात?
ते हसले. लागतात किती ते कुनी मोजलंय,
हायेत त्या सात.
आणि खरंच, एकीचं टोक दुसरीखाली सारत
सातांत ढीग बसला, कुठेही पांढरं दिसेना.
याच सात, म्हणून बोटाने दाखवता येतील अशा.
बाई असत्या तर टाळी वाजवली असती,
किंवा (बघा, पुन्हा तोच शब्द)
नुसता चष्मा पुसला असता.

ऑफिसात पेंडुरकर साहेबांनी माझी वही उलटीपालटी केली.
ही फीत आहे. मला रेषा द्या.
सर, सव्वा ते साडे, इतकंच मोजलंय.
कोर्टात फीत चालत नाही, म्हणाले,
आणि स्वतःची पेन्सिल पुढे केली, बोथट.

मी रेषा काढली.
एका मिलिमीटरला चार मीटर, असा तो नकाशा.
रेषा एक मिलिमीटर जाड उमटली.
केणींची खोपटी तीन मीटर रुंद,
दारापुढे पाण्याचं पिंप, वर कोंबड्यांची जाळी.
सगळं त्या शिशाच्या आत.
अलीकडे नाही, पलीकडे नाही,
आणि तिसरीकडे तर नाहीच.

साहेबांनी सही केली.
चौकोनांपाशी आले तेव्हा जेवायची वेळ झाली होती,
म्हणाले, भरा तुम्हीच.

संध्याकाळी बाईंना फोन लावला.
गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या खाली उतरत नाहीत.
बऱ्या आहात ना?
बरी नाही असं नाही, म्हणाल्या,
आणि मी त्याचं 'बरी आहे' करून घेतलं नाही.

मागे त्यांच्या कुकरची शिट्टी.
कितवी रे ही, त्यांनी विचारलं,
मी मोजत नव्हते.

फॉर्म अजून माझ्या पिशवीत आहे.
वही त्याला टाचली आहे.
उद्या पहाटे पुन्हा भरती,
आज विळा घेऊन दोन खुंट्या जास्त तासल्यात,
सव्वा आणि साडेच्या मध्ये ठोकायला.